घर माझ्या सूचनांवर चालते

ताई बोलायला लागली की तिचा उजवा अंगठा खाली दाबला जातो. ताटाच्या कडेवर, उशीवर, धाकटीच्या डोक्यावर, जे हाताशी असेल त्यावर. बोलणं संपलं की उचलला जातो. तेरा वर्षं ती बसस्टँडच्या चौकशी खिडकीत बसते. माइकच्या बुडाशी एक बटण आहे. दाबलं की चार खांबांवरचे चार कर्णे बोलू लागतात, सोडलं की गप्प. तेरा वर्षांत बोलणं आणि बटण यांचं लग्नच लागून गेलं. आता एकाशिवाय दुसरं होत नाही. तिचा नवरा म्हणतो, "हिच्याशी भांडायचं तर हात लांब ठेवून. दंडावर वळ उठतात."

गावात तिला चौकशीताई म्हणतात. घर स्टँडच्या मागच्याच गल्लीत. उंबरा ते खिडकी, दोनशे चाळीस पावलं. हा आकडा तिनंच काढलाय, कारण सकाळी तेवढ्या पावलांत तिला बरंच उरकायचं असतं. साडीची पिन. डब्याचं झाकण. एक कानातलं, कधी दोन्ही. वेणीचं शेवटचं रबर ती आगारप्रमुखांच्या केबिनसमोर लावते. खुर्चीत बसते तेव्हा कुठे पूर्ण होते.

त्याआधीचे दोन तास बघणाऱ्याला घेरी आणतात. थोरलीची वेणी घालताना ती धाकटीचे पाढे ऐकते. पाढे ऐकताना सासऱ्यांच्या डोळ्यांत औषध घालते. औषध घालताना नवऱ्याला सांगते की त्याचा चष्मा त्याच्याच कपाळावर आहे. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. अख्ख्या गावाची नजर त्यानं दुरुस्त केली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पांना शेजारी बसून बोललेलं ऐकू येत नाही. स्टँडवरचं मात्र सगळं येतं. डॉक्टरनं यावर एकदा डोकं खाजवलं आणि नाद सोडला. आप्पा दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "धरणाची गाडी आज वीस मिनिटं उशिरा." ज्याला कुठेच जायचं नाही त्यालाही सांगतात.

ताई खिडकीत पोहोचली की काळजी तिच्या मागोमाग पोहोचते. गॅस राहिला का? दूध झाकलं का? धाकटीनं दोन्ही मोजे एकाच रंगाचे घातले का? घरी फोन करावा तर उचलणार कोण? थोरलीनं फोन मुका करून ठेवलेला. धाकटीला हात लावायची बंदी. आप्पा तो उलटा धरतात. नवऱ्याचा फोन चष्म्यांच्या डब्यांखाली कुठेतरी गुरगुरत असतो.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी फोन लागला. थोरलीनं चक्क उचलला. आनंदानं ताईचं भान गेलं. डाव्या हातात फोन, उजवा हात माइकवर. बोलायचं होतं म्हणून अंगठा खाली गेला.

"अगं, गॅस बंद कर! दूध गेलं असेल उतू. किती वेळा सांगायचं, कार्टे!"

चारही कर्ण्यांतून गेलं. स्टँड चिडीचूप झाला. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून थांबले. खिडकीसमोरच्या रांगेत गल्लीतल्या शिंपीणकाकू उभ्या होत्या. त्यांनी पिशवी तिथेच टाकली आणि धूम ठोकली.

त्यांच्या घरी खरोखर गॅस चालू राहिला होता. वरच्या दोरीवर गिऱ्हाइकाचे तीन झगे लटकत होते. काकू परत आल्या, खिडकीतून हात आत घातला आणि ताईचा हात घट्ट धरला. "ताई, माझं घर वाचलं. कार्टे म्हणालात ते मला लागू पडलं."

आगारप्रमुखांनी मेमो लिहायला घेतला होता. 'सार्वजनिक ध्वनिक्षेपकाचा खाजगी' इथपर्यंत पेन आलं आणि त्यांच्या बायकोचा फोन आला. त्यांच्याकडचंही दूध वाचलं होतं. मेमो तिथेच राहिला.

दुसरी कुणी असती तर जिवावरचं शेपटीवर निभावलं म्हणून गप्प बसली असती. ताईनं त्याची पद्धत केली.

पद्धत अशी. घरचं बोलायचं, पण स्टँडच्या आवाजात. ताईला दोन आवाज आहेत. घरचा आवाज जिना चढून येतो, धापा टाकतो, मधेच वळतो. स्टँडचा आवाज इस्त्रीचा असतो. त्या इस्त्रीच्या आवाजात ती सांगू लागली, "प्रवाशांना सूचना. आकाश भरून आले आहे. ज्या प्रवाशांनी कपडे वाळत घातले असतील त्यांनी ते आत घ्यावेत." नियमावर बोट ठेवायला जागा नाही. प्रवाशांना हवामान सांगणं कामातच येतं. किंवा, "सकाळची गोळी घ्यावयाची राहिलेल्या ज्येष्ठ प्रवाशांनी ती घ्यावी." ही आप्पांसाठी. नवऱ्याच्या गोळीची वेगळी, अकरा वाजता. "शाळेतून परतलेल्या प्रवाशांनी प्रथम गृहपाठ करावा." ही ज्यांच्यासाठी होती त्या दोघींसोबत गल्लीतली सगळी पोरं गृहपाठाला बसत आणि ताईच्या नावानं बोटं मोडत.

सगळ्यात मोठी सूचना पाण्याची. गल्लीला नळाचं पाणी दहाला येतं. दहाच्या ठोक्याला घरोघरी मोटर सुरू होते. दहा पन्नासला टाक्या भरतात. तेव्हा ताई माइक ओढते. "ज्या प्रवाशांच्या घरी पाण्याची मोटर चालू आहे त्यांनी ती बंद करावी." आणि गल्लीभर खट्, खट्, खट्. पूर्वी कुणी घड्याळ बघायचं, कुणी गच्चीत पाठवायचं. आता ती कटकट कुणाला राहिली नाही. लोक म्हणायचे, "ताई सांगेल की."

ताईला हे फार आवडायचं. कबूल करायची नाही. "माझ्या घरापुरतं सांगते मी," म्हणायची, "गाव ऐकतं त्याला मी काय करू?" पण पाण्याची सूचना दिल्यावर ती क्षणभर डोळे मिटून घ्यायची. लोणी चाटणाऱ्या मांजरासारखी.

आणि मग वरून पत्र आलं.

स्टँडवर यंत्र बसणार होतं. गाड्यांच्या वेळा यंत्र सांगेल, नेमक्या सेकंदाला, न खोकता. खिडकीतल्या माणसाची गरज उरते का ते बघायला एक साहेब येतील. उरत नसेल तर ताईची बदली जंक्शनच्या आगारात. जायला दोन तास, यायला दोन तास. पहाटे पाचला घर सोडायचं, रात्री आठला उंबरा.

ताईनं त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पत्र ठेवलं. नवऱ्यानं ते तीनदा वाचलं, तीन वेगवेगळ्या चष्म्यांतून.

"प्रत्येक चष्म्यातून तेच दिसणार," ताई म्हणाली. "अर्ज करायचा. बदली रद्द व्हावी म्हणून."

अर्ज तिनं लिहिला. घरात वृद्ध सासरे. दोन मुली शिकत आहेत. पती दुकानात असतात. शेवटी, जरा थांबून, अंगठा कागदावर दाबून, तिनं एक वाक्य घातलं. 'घर माझ्या सूचनांवर चालते.' वाक्य तिला इतकं आवडलं की तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. नवऱ्यानं चष्म्याची काडी तपासली. आप्पांनी मान डोलावली, पण ती ते नेहमीच डोलावतात. थोरलीनं शुद्धलेखन तपासलं. ती पंधरा वर्षांची आहे आणि चुकीचा ऱ्हस्वदीर्घ तिला दातातल्या खड्यासारखा लागतो. एक वेलांटी दुरुस्त केली आणि कागद परत दिला.

साहेब येण्याच्या दिवशी सकाळी ताईनं सगळ्यांना ओट्याशी उभं केलं.

"आज मी एक शब्द बोलणार नाही. घरचा. मोटरचं नाही, कपड्यांचं नाही, गोळीचं नाही. साहेब शेजारी बसणारेत. ज्याचं त्यानं लक्षात ठेवायचं. जमेल?"

"जमेल," थोरली म्हणाली.

"अगं, हो म्हणायला काय जातं! टाकी वाहिली आणि पाणी स्टँडवर आलं तर? आपली गल्ली उंचावर आहे."

"आई, जमेल."

"आप्पा, तुम्ही ऐकलंत ना?"

"बंदराची गाडी?" आप्पा म्हणाले.

ताईनं कपाळाला हात लावला आणि निघाली. दोनशे चाळीस पावलांत तिला पिनसुद्धा लावायची आठवण झाली नाही.

साहेब आठला हजर. बारीक अंगाचे. बूट असे चकचकीत की त्यात फलाट दिसावा. काखेत छापील तक्ता. त्यांनी ताईच्या खिडकीत एक स्टूल मागवलं, तिच्या डाव्या हाताला बसले आणि म्हणाले, "मोबाइल खणात. मी इथे नाही असं समजा, बाई."

असं कुणी सांगितलं की माणूस दुसरं काहीच समजू शकत नाही. ताईनं मान ताठ केली.

सकाळ छान गेली. धरणाची गाडी, कारखान्याची गाडी, बंदराची जलद, बंदराची साधी. आवाजाला चुणी नाही. साहेब तक्त्यात खुणा करत होते. आगारप्रमुख दर अर्ध्या तासानं येऊन उगाच भिंतीवरचं घड्याळ बघून जायचे.

दहा वाजले. गल्लीत मोटरी घुरघुरू लागल्या. ताईला त्या नेहमीपेक्षा मोठ्यानं ऐकू आल्या.

दहा चाळीस. अंगठा बटणापर्यंत जाऊन परत आला.

दहा पन्नास. ताईनं दोन्ही हात मांडीखाली घेऊन त्यांवर बसकण मारली. साहेबांनी तिरक्या नजरेनं बघितलं आणि तक्त्यात काहीतरी लिहिलं.

दहा पंचावन्नला कारखान्याची गाडी आली म्हणून एक हात सोडवावा लागला. "फलाट क्रमांक तीनवर..." इतकं बोलून तिनं आवंढा गिळला. तोंडापर्यंत मोटर आली होती.

अकरा वाजून पाच मिनिटांनी पाणी आलं.

आधी मागच्या फाटकातून एक बारीक धार आली. मग धारेला धार मिळाली. फलाट क्रमांक एकवरच्या लोकांनी पिशव्या उचलल्या. मग लेकरं उचलली. मग स्वतः बाकांवर चढले. पाणी संथपणे, जणू चौकशी करायलाच आल्यासारखं, खिडकीकडे निघालं.

आमचीच टाकी, ताईच्या मनात आलं. हो म्हणायला काय जातं! पोरगी पुस्तकात तोंड घालून बसली असेल आणि आप्पा तिला गाड्यांच्या वेळा सांगत असतील.

"या वेळेला फलाट धुतात का?" साहेबांनी विचारलं.

"हो," आगारप्रमुख दारातून म्हणाले. "म्हणजे, नाही. म्हणजे, कधीकधी."

तेवढ्यात शिंपीणकाकू आल्या. साडी घोट्याच्या वर धरलेली, गळ्यात माप घ्यायची फीत तशीच.

"ताई, आज तोंडाला कुलूप लावलंय का? सगळ्या गल्लीच्या टाक्या वाहताहेत!"

"काही चौकशी असल्यास विचारावी," ताई इस्त्रीच्या आवाजात म्हणाली. डोळ्यांनी मात्र काकूंना हात जोडले.

काकूंना डोळ्यांची भाषा कळत नाही. "अहो, हीच चौकशी! मोटर बंद करायची की नाही?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मोटरीचा आणि यांचा काय संबंध?"

"आता घ्या! ह्या सांगतात, आम्ही बंद करतो."

"आणि ह्यांनी नाही सांगितलं तर?"

"तर हे." काकूंनी पायाखालच्या पाण्याकडे बोट दाखवलं.

"पण टाकी भरलेली तुम्हाला दिसत नाही?"

"साहेब, मी मशीनवर बसलेली असते. मान वर केली की टाका चुकतो."

"सगळ्याच काही शिवत नसतील."

"नाही ना. पण सगळ्यांना वाटतं, ताई सांगेल. आज वाटलं, ताई गप्प आहे म्हणजे टाकी अजून भरायचीय. आमची तर धो धो वाहत होती, तरी मी म्हटलं, ताई बोलत नाही, म्हणजे नसेल वाहत."

साहेबांनी ताईकडे बघितलं. ताईनं माइककडे बघितलं. आगारप्रमुखांनी घड्याळाकडे. पाणी साहेबांच्या स्टुलापाशी पोहोचलं होतं आणि बुटांत दिसणारा फलाट आता खरोखरचा ओला झाला होता. त्यांनी पाय उचलून स्टुलाच्या आडव्या दांडीवर ठेवले. उशीर झाला होता. मोजे भिजले होते.

"बाई, सांगा," ते म्हणाले.

"काय, साहेब?"

"रोज सांगता ते."

"ते नियमात..."

"नियमांचं मी बघतो. तुम्ही पाण्याचं बघा."

ताईनं माइक ओढला. "प्रवाशांना सूचना. ज्या प्रवाशांच्या घरी पाण्याची मोटर चालू आहे त्यांनी ती बंद करावी. टाक्या भरून वाहत आहेत." इथे थांबायला हवं होतं. पण बांध एकदा फुटला की फुटला. "आणि आप्पा, पायरीवर येऊ नका हो, घसराल!"

अंगठा उचलला गेला. मागून आवाज आला. खट्. मग खट् खट्. मग मोजता येणार नाहीत इतके. दोन मिनिटांत गल्ली शांत झाली. साहेब घड्याळ बघत होते.

"दोन मिनिटं दहा सेकंद," ते म्हणाले. कुणाला ते कळलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत ताई घरी निघाली. काय काय बोलायचं ते वाटेतच तोंडपाठ झालं. गल्ली ओलीचिंब होती. शिंपीणकाकूंच्या अंगणात एक चप्पल तरंगत होती. ताईनं फाटक ढकललं आणि तोंड उघडलं.

अंगण कोरडं होतं.

गच्चीवरून येणारा पाइप कोरडा. मोटरीचं बटण बंद. आप्पा ओट्यावर कोरड्या पायांनी बसलेले. आत ताटं मांडलेली होती. सकाळच्या शाळेतून आलेली धाकटी पाण्याचे पेले भरत होती. थोरलीची परीक्षेची सुट्टी चालू होती. ती एका हातात पुस्तक धरून भाजी ढवळत होती. नवरा दुकानातून जेवायला आला होता आणि चष्मा त्याच्या नाकावर होता.

"मोटर कुणी बंद केली?" ताईनं विचारलं.

"मी," थोरली म्हणाली.

"कधी?"

"दहा पंचेचाळीसला."

"आज लक्षात राहिलं बाई!"

थोरलीनं पुस्तकातून डोकं काढलं नाही. "रोजच राहतं."

"रोज मी सांगते."

"तू दहा पन्नासला सांगतेस. मी पंचेचाळीसला बंद करते. शाळा असली की बाबा दुकानातून येऊन करतात. वर्ष झालं."

"काय म्हणून?"

थोरलीनं पळी ठेवली. "आई, वर्गात मला टाकी म्हणतात."

"आणि मला कपडे!" धाकटीनं आनंदानं सांगितलं. "आई, ते कपडे मी चारलाच काढते. तू सव्वाचारला सांगतेस ना, तेव्हा आमच्या दोरीवर काहीच नसतं. मग मी सगळ्यांना दाखवते की बघा, आमचं नाही, तुमचंच सांगतेय."

ताईनं नवऱ्याकडे बघितलं. "तुमची गोळी?"

"सकाळीच घेतो."

"मी अकराला सांगते!"

"म्हणून तर," नवरा म्हणाला. "साडेदहाला गिऱ्हाइकं विचारायला लागतात, अहो, गोळी घेतलीत का, आता वहिनी सांगतील."

ताई खुर्चीवर बसली. टेबलाच्या कडेवर अंगठा दाबला, पण बोलणं निघालं नाही. पुन्हा दाबला.

"मग मला का सांगितलं नाहीत?"

थोरलीनं पळी पुन्हा उचलली. आप्पा आत आले. त्यांना काही ऐकू आलं की नाही कोण जाणे. "सूनबाई," ते म्हणाले, "आज धरणाची गाडी अगदी वेळेवर हं."

"सूचना देऊन तुला बरं वाटायचं," नवरा हळूच म्हणाला. "आम्ही म्हटलं, वाटू दे."

"आणि तो अर्ज?" ताईला एकदम आठवलं. ती थोरलीकडे वळली. "घर माझ्या सूचनांवर चालते! तूच तपासलास ना गं?"

"मी शुद्धलेखन तपासलं," थोरली म्हणाली. "खरंखोटं तपासायला सांगितलं नव्हतंस."

ताई जेवली. भाजीत मीठ बरोबर होतं. तेही तिला लागलं.

परत गेली तेव्हा साहेब स्टुलावरच होते. मोजे खिडकीच्या गजांवर वाळत टाकलेले. अनवाणी पाय दांडीवर. हातात ताईचा अर्ज.

"बाई, बदली रद्द करायला तुम्ही एक कारण दिलंय." त्यांनी वाचलं. "घर माझ्या सूचनांवर चालते. सकाळी जे बघितलं त्यावरून हे मला पटतंय. एवढं खरं असेल तर माझं काम सोपं आहे. खरं आहे ना?"

नुसतं हो म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. पहाटे पाचला घर सोडायचं टळलं असतं. ताईनं मान हलवण्यासाठी हनुवटी वर केली. खालीच येईना.

"नाही, साहेब."

"म्हणजे?"

"लिहिलं तेव्हा खरं होतं. म्हणजे मला वाटत होतं. आत्ता घरी जाऊन आले. घर आपलं आपलं चालतं. वर्ष झालं म्हणे. ते वाक्य खोडा."

"खोडलं तर अर्जात कारणच उरत नाही. सासरे, मुली, दुकान, हे सगळ्यांच्याच अर्जात असतं."

"ठाऊक आहे."

साहेबांनी अर्ज मांडीवर ठेवला. "मग बदली नको कशाला?"

ताईनं माइक बाजूला सरकवला. बटणापासून हात दूर, मांडीवर घेतला. आता जे बोलायचं होतं ते चार खांबांवरून जाण्यासारखं नव्हतं.

"सकाळी दोघींच्या वेण्या घालते मी. थोरली आता स्वतःची घालते बरी. धाकटीलाही येते, वाकडी येते, पण येते. तरी मला घालायच्या असतात. त्यांना जाताना बघायचं असतं, आल्या की इथून त्यांचा आवाज ओळखायचा असतो. पाचला निघाले तर दोघी झोपलेल्या, आठला आले तर अर्ध्या झोपलेल्या. हे अर्जात कसं लिहितात मला माहीत नाही, साहेब. म्हणून ते दुसरं लिहिलं."

साहेबांनी गजावरचा एक मोजा चाचपून बघितला. ओलाच होता. मग पेन काढलं, अर्जातल्या त्या वाक्यावर एक सरळ रेघ मारली आणि तक्ता पुढे ओढून लिहू लागले. लिहून झालं तसा तक्ता तिच्याकडे फिरवला.

'यंत्र बसवावे. यंत्र गाड्यांच्या वेळा सांगेल. तथापि फलाटावर पाणी आल्यास यंत्रास ते कळत नाही. पाहणी अधिकाऱ्याने हे प्रत्यक्ष अनुभवले. सबब चौकशी खिडकीतील पद सध्याच्या व्यक्तीसह कायम ठेवावे. बदलीचा प्रस्ताव रद्द करावा.' खाली वेगळ्या ओळीत: 'घरगुती सूचना बंद कराव्यात. पाण्याची सूचना लोकहितार्थ चालू ठेवावी.'

"हे वर मानतील?" ताईनं विचारलं.

"माझी शिफारस आजवर परत आलेली नाही," साहेब म्हणाले. "कपड्यांचं मात्र खरंच बंद करा. आणि गोळ्यांचं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्ही जेवायला गेलात तेव्हा चौकशीला सतरा माणसं आली. एकालाही गाडीची वेळ विचारायची नव्हती."

संध्याकाळी ताईनं घरी सगळं सांगितलं. नवऱ्यानं चष्मा काढून पुसला, डोळ्यांसकट. आप्पांना तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा कळलं तेव्हा ते म्हणाले, "ते मी दुपारीच म्हटलं होतं." म्हटलं नव्हतं.

"आणि घरचं काही बोलायचं नाही," ताई शेवटी म्हणाली. "साहेबांनी लिहूनच दिलंय."

"कपड्यांचंही?" थोरलीनं विचारलं.

"नाही."

"गृहपाठाचं?"

"नाही म्हटलं ना."

थोरलीनं वर बघून हात जोडले. मग आईचा चेहरा बघितला आणि जोडलेले हात केसांत नेऊन उगाच खाजवलं.

जेवणं झाली. ताई स्वयंपाकघरात गेली. ओटा पुसलेला होता. भांडी पालथी घातलेली. उद्याचे कपडे इस्त्री करून खुर्चीवर. दूध झाकलेलं. तिनं झाकण उचलून बघितलं आणि पुन्हा ठेवलं. गॅस बंद होता. तो दोनदा बघितला. मग बाहेर येऊन बसली. कुणाला काही सांगायला तोंड उघडावं, असं घरात काहीच उरलं नव्हतं. अंगठा खुर्चीच्या हातावर दाबला गेला, उचलला गेला. हळूच. कुणी बघत नाही ना, असा.

धाकटी बघत होती. ती नऊ वर्षांची आहे. बराच वेळ बघितल्यावर म्हणाली, "आई, माझं दप्तर भरायचं राहिलंय."

"मगाशीच तर तू..." थोरलीनं सुरुवात केली. धाकटीनं तिच्या पावलावर पाय दिला.

"राहिलंय?" ताई ताडकन उठली. "आणि मग बसलीयस काय अशी? वाजले किती? उद्या चित्रकलेचा तास आहे, रंगपेटी कोण घालणार, मी? ऊठ आधी! आणि ती पाण्याची बाटली काल शाळेत विसरलीस का बसमध्ये? विचारतेय मी!"

"जाते ना," धाकटी म्हणाली.

आत जाऊन तिनं भरलेलं दप्तर पलंगावर रिकामं केलं, बाहेर ऐकू जाईल अशा बेतानं, आणि एकेक वही पुन्हा भरायला लागली.